घरचा अभ्यास : ‘त्यांचे’ म्हणजे दर वेळी ‘देअर’ नव्हे



इंग्रजीचा पेपर तपासून घरी आला की आपण आकडा बघतो. पस्तीसच्या वर असला की हायसे वाटते, खाली असला की लेकराच्या पाठीत धपाटा बसतो. पण गुण नेमके गेले कुठे, हे कोणी बघत नाही. आम्ही पेशाने कारकून. जमाखर्च जुळला नाही तर कुठल्या रकान्यात चुकले ते सापडेपर्यंत खुर्चीतून उठायचे नाही, ही आमची सवय. मुरुडला संध्याकाळी विहारात जी मुले अभ्यासाला बसतात, त्यांच्या वह्याही आम्ही त्याच नजरेने बघतो. लाल शाई मोठ्या अवघड शब्दांवर कमी असते, बारीकसारीक शब्दांवर जास्त. त्यातले एक ठरलेले ठिकाण म्हणजे माझे, तुझे, त्याचे, तिचे सांगणारे इंग्रजी शब्द. आज तेवढेच घेऊ.

हे शब्द सगळे मिळून सात. माय, युअर, हिज, हर, इट्स, अवर, देअर. शाळेच्या पुस्तकात त्यांना ‘पझेसिव्ह अॅडजेक्टिव्ह’ म्हणतात, अलीकडच्या काही पुस्तकांत ‘पझेसिव्ह डिटरमायनर’ असेही भेटते. मराठी व्याकरणात यांची जात सार्वनामिक विशेषणाची. नावाला भिऊ नये. ‘कोणाचे?’ या प्रश्नाचे जे उत्तर नामाच्या आधी येऊन बसते, ते हे शब्द.

आता मराठीत हेच काम करणारी घराणी मोजा. माझा, तुझा, आमचा, तुमचा, आपला, त्याचा, तिचा, त्यांचा, याचा, हिचा, यांचा. झाली अकरा. प्रत्येकाची पुन्हा चार रूपे : माझा भाऊ, माझी बहीण, माझे घर, माझ्या घरात. अकरा चोक चव्वेचाळीस. ही चव्वेचाळीस रूपे तुमचे पाच वर्षांचे पोर कोणी न शिकवता बिनचूक बोलते. ‘माझा बहीण’ असे ते झोपेतही म्हणणार नाही. मग चव्वेचाळीस पेलणारे पोर सातापुढे का अडते? ते ढ आहे म्हणून नव्हे. मराठी जे विचारते ते इंग्रजी विचारत नाही, आणि इंग्रजी जे विचारते त्याचा मराठीत वेगळा विचार करावाच लागत नाही, म्हणून.

शाळेची प्रतिज्ञा घ्या. बालभारतीच्या पुस्तकात सुरुवातीलाच छापलेली असते. तीत देश आहे तो ‘माझा’, बांधव आहेत ते ‘माझे’, आणि प्रेम आहे ते ‘माझ्या’ देशावर. देश पुल्लिंगी एकवचनी म्हणून एक रूप, बांधव अनेक म्हणून दुसरे, शब्दाला विभक्ती लागली म्हणून तिसरे. इंग्रजी प्रतिज्ञेत या तिन्ही ठिकाणी ‘माय’ आणि फक्त ‘माय’ आहे. पुढचे नाम एक असो की शंभर, बाप्या असो की बाई, ‘माय’ जागचा हलत नाही. इथवर मुलांना सोपे जाते. ‘युअर’चेही तसेच. तुझे, तुमचे आणि अदबीचे आपले, तिन्हींना एकच ‘युअर’.

खरी गोची होते ती ‘हिज’ आणि ‘हर’ला. ‘रवी आणि त्याची बहीण’ याचे इंग्रजी मुले हमखास ‘रवी अँड हर सिस्टर’ असे करतात. ‘मीना आणि तिचा भाऊ’ याचे ‘मीना अँड हिज ब्रदर’. कारण कानाला ‘ची’ लागते, पुढे बहीण दिसते, म्हणून हात ‘हर’कडे जातो. मराठी शब्द दोन तुकड्यांचा आहे, हे मुलाला दाखवून द्यावे लागते. ‘त्या’ आणि ‘ची’. पुढचा तुकडा सांगतो मालक कोण, मागचा सांगतो वस्तू कोणती. इंग्रजीला मागच्या तुकड्याशी कर्तव्य नाही. आम्ही मुलांना सांगतो, बांगडा साफ करताना शेपूट टाकतात ना, तसे ‘चा-ची-चे-च्या’ टाका आणि डोके ठेवा. हातात ‘त्या’ राहिला तर ‘हिज’. ‘ति’ राहिली तर ‘हर’. ‘त्यां’ राहिले, अनुस्वारासकट, तर ‘देअर’. रवीची बहीण असो, आई असो की आजी असो, मालक रवी आहे, तेव्हा ‘हिज’च. मुरुडच्या पोरांना हे मासळीचे उदाहरण एकदा सांगितले की पुन्हा सांगावे लागत नाही.

या नियमाला दोन खड्डे आहेत. पहिला निर्जीव वस्तूंचा. राजपुरीच्या जेट्टीवरून शिडाच्या होड्या जंजिऱ्याला जातात. होडी स्त्रीलिंगी, म्हणून ‘तिचे शीड’. किल्ला पुल्लिंगी, म्हणून ‘त्याचे बुरूज’. (जंजिरा हे नावच मुळी ‘जझीरा’ म्हणजे बेट या अरबी शब्दावरून आले.) इंग्रजीत होडीही बाई नाही आणि किल्लाही बाप्या नाही. दोघांना ‘इट्स’. जुने दर्यावर्दी इंग्रज जहाजाला ‘शी’ म्हणत, तसे एखाद्या पुस्तकात अजून भेटेलही, पण परीक्षेत ‘इट्स’च लिहावे. किल्ल्यावर पाहुण्यांना कलाल बांगडी तोफ दाखवताना पोरे बिनदिक्कत ‘हिज नेम’ म्हणतात. पाहुण्यांना कळते, काम भागते. मात्र तेच पोर उद्या एखाद्या हॉटेलच्या काउंटरवर नोकरी मागायला जाईल तेव्हा समोरचा माणूस तोफ बघणार नाही, वाक्य बघणार.

‘इट्स’च्या स्पेलिंगमध्ये आणखी एक काटा आहे. आय-टी-एस, एवढेच. मध्ये वरच्या बाजूला स्वल्पविरामासारखे जे चिन्ह देतात, ज्याला अपॉस्ट्रॉफी म्हणतात, ते इथे द्यायचे नाही. ते दिले की अर्थ होतो ‘इट इज’ किंवा ‘इट हॅज’. मुले तिथे चिन्ह का देतात, तर ‘रमाचे पुस्तक’ लिहिताना रमाच्या नावापुढे ते चिन्ह देऊन एस लिहायचा असतो. तीच सवय हाताला लागते. चिन्ह विशेषनामांना आणि नामांना लागते, आपल्या सात शब्दांपैकी एकालाही नाही. शंका आली तर ‘इट्स’ काढून तिथे ‘इट इज’ वाचून बघावे. वाक्य बसले तर चिन्ह हवे, फिसकटले तर नको.

दुसरा खड्डा आदराचा, आणि आमच्या मते सगळ्यात खोल तोच. आपल्या घरात आई कितीतरी ठिकाणी ‘ती’ असते, पण बाप ‘ते’ असतात. गुरुजी ‘ते’, बाई ‘त्या’, सासरे ‘ते’. म्हणजे ‘माझे वडील मजूर आहेत, त्यांचे नाव अमुक’. ‘त्यां’ला अनुस्वार दिसतो, पोर नियमाप्रमाणे ‘देअर नेम’ लिहून मोकळे होते. इंग्रजीत मात्र एका माणसाचा आदर अनेकवचनाने करण्याची रीत नाही. वडील एक, म्हणून ‘हिज नेम’. शाळेतल्या बाई एक, म्हणून ‘हर नेम’. मराठी ‘त्यांचे’ पुरुष की बाई तेही सांगत नाही. ‘सावित्रीबाई आणि त्यांचे पती’ याचे इंग्रजी करायचे तर मुलाने आधी मनात विचारायला हवे, ‘त्यांचे’ म्हणजे कोणाचे? सावित्रीबाईंचे. मग ‘हर हजबंड’.

ही चूक फक्त गुणांची नाही. आमच्या तालुक्यातल्या एका मुलीने मुंबईच्या एका वसतिगृहासाठी इंग्रजीत अर्ज केला. माझे वडील वाडीत मजुरी करतात, माझी आई घरी असते, असे लिहून पुढे ‘देअर इन्कम’ लिहून आकडा टाकला. तिच्या मनात वडिलांचे उत्पन्न. कागदावर अर्थ झाला आई-वडील दोघांचे. दाखला जोडलेला एकट्या वडिलांच्या नावाचा. टेबलामागच्या माणसाने अर्ज परत केला : दोघांचे उत्पन्न म्हणता, मग आईचा दाखला कुठे आहे? बापलेक पुन्हा एसटीने तहसीलला, पुन्हा मुंबईला. जागा हुकली नाही हे नशीब, पण वडिलांचे दोन खाडे झाले आणि गाडीभाडे गेले ते वेगळेच. त्या टेबलावरच्या माणसाने एक प्रश्न तोंडी विचारला असता तर हे टळले असते, हेही खरे. आम्हीही टेबलामागेच बसतो, तेव्हा एवढे म्हणायचा आम्हाला अधिकार आहे.

मुले यावर विचारतात, आणि प्रश्न रास्त आहे : बाबासाहेबांविषयी निबंध लिहायचा आणि ‘हिज’ म्हणायचे? जीभ रेटत नाही. याचे उत्तर खुद्द बाबासाहेबांच्या ग्रंथाच्या मुखपृष्ठावर आहे. ‘द बुद्ध अँड हिज धम्म’. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला लाखोंच्या साक्षीने ज्यांना ते शरण गेले, त्या तथागतांसाठी त्यांनी ‘हिज’ लिहिले. त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ साली तो ग्रंथ त्याच नावाने प्रसिद्ध झाला. मराठीत आला तो ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ होऊन. एकाच ग्रंथाची दोन नावे शेजारी ठेवा. इंग्रजीत ‘हिज’, मराठीत ‘त्यांचा’. आदर दोन्हीकडे तेवढाच, फक्त ठेवायची जागा निराळी.

आम्हाला तर यात एक समाधानही वाटते. आपल्या आज्या-पणज्यांना गावात शेंबडे पोरही अरे-तुरे करी, आणि त्या पोराला मात्र म्हाताऱ्याने ‘तुमचे’ म्हणायचे. कोणाला ‘तुझे’ आणि कोणाला ‘तुमचे’, यावरून माणसाची पायरी ठरे. इंग्रजीच्या ‘युअर’ला ही पायरी माहीत नाही. साहेबालाही ‘युअर’, सफाई कामगारालाही ‘युअर’. इंग्रज काही समतावादी होते असे आम्ही म्हणत नाही, त्यांच्याकडे पायरी दाखवायच्या दुसऱ्या शंभर तऱ्हा होत्या. पण हा शब्द तरी सरळ आहे.

बाबासाहेबांच्या ग्रंथांची नावे काढलीच आहेत तर ती या धड्यासाठी सोन्यासारखी आहेत, हे सांगायला हवे. कोलंबिया विद्यापीठात ९ मे १९१६ रोजी त्यांनी वाचलेल्या निबंधाचे नाव ‘कास्ट्स इन इंडिया : देअर मेकॅनिझम, जेनेसिस अँड डेव्हलपमेंट’. जाती अनेक, म्हणून ‘देअर’. आणि गंमत बघा, एक ‘देअर’ तीन नामांना पुरला. मराठीत आपल्याला ‘त्यांची यंत्रणा, त्यांचा उगम, त्यांचा विकास’ असे दर वेळी रूप बघावे लागते. पुढे १९२३ साली लंडनला प्रसिद्ध झालेला ग्रंथ ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी : इट्स ओरिजिन अँड इट्स सोल्यूशन’. प्रश्न ही वस्तू, एकच, म्हणून ‘इट्स’. इथे मात्र तो दोनदा लिहिला आहे. दोन्ही पद्धती बरोबर. दुसऱ्या पद्धतीत प्रत्येक नामावर जोर येतो. मग १९४७ चे ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’, त्याच्या लांब नावात ‘देअर राइट्स’ आहे, हक्क अनेकांचे म्हणून. आणि शेवटी ‘हिज धम्म’. घरात हे ग्रंथ कपाटात असतील तर मुलाला नुसते पाठीवरचे नाव वाचून दाखवायला सांगा. देअर, इट्स, हिज यांचा याहून चांगला तक्ता कुठल्याही गाइडात मिळणार नाही.

संविधानाची उद्देशिका विहारात भिंतीवर असतेच. तिच्या इंग्रजी पाठात या सातांपैकी दोनच शब्द आहेत. एक ‘इट्स’, प्रजासत्ताकाच्या नागरिकांसाठी; मराठी पाठात तिथे ‘त्याच्या’ आहे. दुसरा ‘अवर’, संविधान सभेच्या आधी, मराठीत ‘आमच्या’. मुलांना बोट ठेवून शोधायला लावावे. पाच मिनिटांचा खेळ होतो, आणि उद्देशिकाही वाचून होते.

‘अवर’वरून आठवले. मराठीत ‘आमचे’ आणि ‘आपले’ असा फरक आहे. आमचे म्हणजे तुम्हाला वगळून, आपले म्हणजे तुम्हालाही धरून. इंग्रजीत दोन्हींना ‘अवर’. पण ‘आपला’ हा मोठा फसवा शब्द आहे, तो तीन घरी जेवतो. ‘आपली वस्ती’ म्हणताना ‘अवर’. ‘आपले नाव काय?’ असे पाहुण्याला विचारताना ‘युअर’. आणि ‘रमेशने आपली सायकल विकली’ म्हणताना ‘हिज’. इथे मुले ‘अवर सायकल’ लिहितात आणि रमेश विनाकारण चोर ठरतो. उपाय एकच, ‘आपली’ म्हणजे कोणाची ते कर्त्याकडे जाऊन विचारायचे. ‘मी आपला डबा घेतला’ यात कर्ता ‘मी’, म्हणून ‘माय’. मराठीत आणखी सोय अशी की ‘रमेशने आपली सायकल विकली’ आणि ‘रमेशने त्याची सायकल विकली’ यांत फरक करता येतो. दुसऱ्यात सायकल भलत्याचीही असू शकते. इंग्रजीत दोन्हीकडे ‘हिज’ येतो आणि वाचणारा घोटाळ्यात पडतो. या बाबतीत मराठी वरचढ आहे, हे मुलांना जरूर सांगावे.

कोकणात एकुलता एक मुलगाही ‘आमचे बाबा’ म्हणतो. इंग्रजीत तिथे ‘माय फादर’. आम्ही या सदरात एकटेच लिहितो आणि ‘आम्ही’ म्हणतो, त्यातलाच तो प्रकार.

उलट काही ठिकाणी मराठी गप्प बसते आणि इंग्रजीला शब्द लागतोच. ‘त्याने हात धुतले’, ‘तिने केस विंचरले’. कोणाचे हे सांगायची आपल्याला गरज वाटत नाही, स्वतःचेच असणार. इंग्रजीत ‘हिज हँड्स’, ‘हर हेअर’ म्हणावेच लागते.

बाकीच्या दोन-चार गोष्टी पटापट. ‘माझा एक मित्र’ याचे ‘माय वन फ्रेंड’ करू नये. ‘वन ऑफ माय फ्रेंड्स’ म्हणावे, शेवटच्या एससह. ‘माय’च्या आधी ‘ए’ किंवा ‘द’ कधी लागत नाही. मुलाखतीत ‘मायसेल्फ अमुक तमुक’ असे सुरू करण्याची साथ सगळीकडे आहे, तिथे ‘माय नेम इज’ म्हणावे. ‘व्हॉट इज युअर गुड नेम’ हे आपल्या शुभनावाचे भाषांतर आहे, नुसते ‘युअर नेम’ पुरे. ‘देअर’चे स्पेलिंग टी-एच-ई-आय-आर; ‘तिथे’ या अर्थाचा शब्द कानाला तसाच लागतो पण त्याचे स्पेलिंग टी-एच-ई-आर-ई. आणि अर्जाच्या शेवटी ‘युअर फेथफुली’ नको. तिथे ‘युअर्स’, एस सकट, कारण पुढे नाम नाही. आमच्या टेबलावर येणाऱ्या अर्जांत हा एस इतक्या वेळा गळालेला असतो की पदवीधरांचे अर्जही त्यातून सुटत नाहीत.

एक गोष्ट शब्दाच्या नावाविषयी. ‘पझेसिव्ह’ म्हणजे मालकीचे. पण हे शब्द दर वेळी मालकी सांगत नाहीत. ‘माय बॉस’ म्हणणारा काही बॉसचा मालक नसतो. ज्याच्या नावावर सातबारा नाही, त्यालाही ‘माय व्हिलेज’ लिहिता येते. याच जिल्ह्यात, तो कुलाबा होता तेव्हा, चरीच्या शेतकऱ्यांनी १९३३ पासून सहा वर्षे खोतांविरुद्ध संप केला. बाबासाहेबांनी १९३७ साली मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. जमीन कसणारा ‘माझे शेत’ म्हणे तेव्हा कागद वेगळेच बोलत असे. पुढे ‘कसेल त्याची जमीन’ ही घोषणा कायद्यात उतरली. मराठी घोषणेत ‘त्याची’ ठसठशीत आहे. इंग्रजीत ती ‘लँड टू द टिलर’ झाली, सातांपैकी एकही शब्द तीत नाही.

आता घरी काय करायचे. २००० सालापासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आले. त्याआधी शिकलेल्या आई-बापांना ते पाचवीत भेटले, आणि पाचवीत शाळा सुटली असेल तर भेटलेच नाही. म्हणून पुष्कळ माउल्या मुलाच्या इंग्रजीच्या वहीपासून लांब बसतात. या धड्यात लांब बसायचे कारण नाही. आईने फक्त मराठीत विचारायचे : कोणाचे? मग, तो माणूस एक की अनेक? एक असेल तर बाप्या, बाई की वस्तू? एवढे प्रश्न विचारायला इंग्रजी लागत नाही. उत्तर पोराने द्यायचे. भाकऱ्या थापताना, जाळे विणताना, सुपारी सोलताना हे चालते.

या आठवड्यासाठी पाच वाक्ये देत आहोत. वहीत इंग्रजी करून ठेवा, पुढच्या अंकात उत्तरे देऊ. ‘सुनीता आणि तिचा भाऊ एसटीने अलिबागला गेले.’ ‘माझे आजोबा मुरुडला राहतात, त्यांचे घर समुद्राजवळ आहे.’ ‘होडी जुनी आहे, पण तिचे शीड नवे आहे.’ ‘बाई आपल्या मैत्रिणीला पत्र लिहितात.’ ‘माझी एक मावशी मुंबईला नोकरी करते.’ चौथ्या वाक्याला घाई करू नका.